उपयोजित कलेत इलस्ट्रेशन घेऊन पदवी झाल्यावर उपजीविकेच्या वाटा कोणत्या?

करवीररेषा

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापूरची असून उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकते आहे. इलस्ट्रेशन, म्हणजे मजकुराला साजेशी चित्रे काढणे, हा माझा विशेष विषय आहे. परीक्षा जवळ आली आहे आणि नोकरीच्या जाहिराती पाहू लागल्यावर मन खट्टू होते, कारण दहातल्या नऊ जाहिराती ग्राफिक डिझायनर, सोशल मीडिया डिझायनर किंवा यूआय (ॲपच्या पडद्याची मांडणी करणारे) डिझायनर हवेत अशा असतात. 'इलस्ट्रेटर हवा' असे लिहिलेले असले तरी खाली पाहावे तर त्या नावाचे सॉफ्टवेअर येणारा माणूस हवा असतो. घरच्यांनी चार वर्षे विश्वासाने शिकू दिले आहे आणि त्यांचा प्रश्न साधा आहे, की यातून पोट भरेल का. मला मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढायची आहेत. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी खरी परिस्थिती सांगावी, ही विनंती. केवळ धीर देणारी उत्तरे नकोत.

कागदकाम

करवीररेषा, तुम्ही प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मी पुण्यात राहते आणि बरीच वर्षे प्रामुख्याने बालसाहित्यासाठी चित्रे काढते.

इलस्ट्रेटर या पदाची नोकरी महाराष्ट्रात फारशी नाही आणि पूर्वीही फारशी नव्हती, हे आधी मनाशी पक्के करावे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची नावे आपण आदराने घेतो, पण त्यांचा व्यवसाय कशावर उभा होता हे महाविद्यालयात कोणी सांगत नाही. त्या काळात मासिके दर महिन्याला निघत, प्रत्येक कथेला चित्र लागे, कादंबऱ्यांना मुखपृष्ठे लागत आणि व्यापाऱ्यांना कॅलेंडरे लागत. दलालांनी तर १९४५ साली 'दीपावली' हा स्वतःचा अंकच सुरू केला. म्हणजे दर महिन्याला ठरावीक काम येण्याची एक व्यवस्था होती आणि तिच्या आधाराने चित्रकार उभा राहत असे. ती मासिके बहुतेक बंद पडली. दिवाळी अंक उरले, पण त्यांचे काम वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या अखेरीस येते. 'किशोर' हे बालभारतीचे मासिक १९७१ पासून निघते आहे आणि नव्या चित्रकाराने तिथे आवर्जून काम दाखवावे, परंतु एका मासिकावर कोणाचे वर्ष निघत नाही.

आता काम आहे ते विखुरलेले आहे. बालसाहित्यात पुण्याचे ज्योत्स्ना प्रकाशन, दिल्लीचा राष्ट्रीय पुस्तक न्यास, चेन्नईतील तुलिका आणि तारा, बंगळुरूचे प्रथम बुक्स, भोपाळची एकलव्य संस्था अशी नावे लगेच आठवतात. केवळ मराठी प्रकाशकांकडे पाहून निर्णय करू नये. चित्राला भाषेची अडचण नसते आणि चेन्नईच्या प्रकाशकाला चित्रकार कोल्हापुरात बसला आहे की मदुराईत, याने काही फरक पडत नाही. माधुरी पुरंदरे यांच्याप्रमाणे लेखन आणि चित्रे दोन्ही एकाच हातची असतील तर पुस्तकावरचा हक्कही वाटला जात नाही. लिहिण्याची थोडीशी जरी ओढ असेल तरी ती दाबू नये.

पण हिशेब करूनच या वाटेला यावे. समजा २४ पानांच्या पुस्तकासाठी ४०,००० रुपये ठरले. कच्ची रेखाटने, संपादकांच्या सूचना, दुरुस्त्या, पक्की चित्रे आणि शेवटच्या बारीकसारीक बदलांसह काम तीन महिने चालले, तर महिन्याला साधारण १३,३०० रुपये पडतात आणि तेही महिन्याला मिळत नाहीत. यातली रक्कम मी केवळ उदाहरणासाठी घेतली आहे, तुमच्या वाट्याला कमीजास्त काहीही येऊ शकते. पण भागाकार प्रत्येक कामाच्या आधी करावा, कारण बहुतेक नवे चित्रकार एकूण रक्कम ऐकून होकार देतात आणि किती महिने जातील हे विचारात घेत नाहीत. माझ्या ओळखीचा जो जो चित्रकार या क्षेत्रात टिकला आहे, त्याच्याकडे बालसाहित्याखेरीज दुसरे एखादे नियमित काम आहे.

पोर्टफोलिओबद्दल, म्हणजे दाखवायच्या निवडक कामांच्या संग्रहाबद्दल, एक कळकळीची सूचना करते. पदवीच्या मुलांचे पोर्टफोलिओ पाहण्याचा योग मला दर वर्षी येतो. त्यांत सुंदर सुटी चित्रे असतात, पण तीच मुलगी तोच फ्रॉक घालून बारा प्रसंगांत कुठेही दिसत नाही. संपादकाला नेमके तेच पाहायचे असते. एकच पात्र मागून, वरून, रडताना, धावताना, गर्दीत लहानसे दिसताना तेच वाटते का? पान उलटल्यावर पुढे काय होईल अशी उत्सुकता चित्राने निर्माण होते का? यासाठी एखादी लोककथा घ्यावी, कागद दुमडून पुस्तकाचा छोटा डमी करावा आणि त्यात पेन्सिलीने सगळी पाने बसवावीत. डमी हातात धरून उलटल्याशिवाय लक्षात येत नाही, की मुख्य पात्राचा चेहरा दोन पानांच्या मधल्या शिवणीत गेला आहे किंवा मजकुराला जागाच उरलेली नाही. अशी तीन चित्रे पक्की आणि बाकीचा डमी कच्चा असला तरी चालतो. माझ्या मते सुट्या चित्रांच्या जाड फाइलपेक्षा असा एक डमी अधिक बोलतो.

पडद्यामागे

मी मुंबईतील एका ॲनिमेशन स्टुडिओत स्टोरीबोर्डचे, म्हणजे प्रसंग क्रमवार रेखाटून दाखवण्याचे, काम करतो आणि मीही उपयोजित कलेचाच पदवीधर आहे. कागदकामताईंनी क्रमवार चित्रांचे जे महत्त्व सांगितले, ते आमच्याकडे दुपटीने लागू आहे, म्हणून इलस्ट्रेशनच्या विद्यार्थ्यांनी ॲनिमेशन आणि गेमचे दार आपले नाही असे समजू नये. स्टोरीबोर्ड, पात्ररचना, पार्श्वभूमीची चित्रे, गेमसाठी लागणारी संकल्पनाचित्रे ही चारही कामे मुळात चित्र काढणाऱ्याचीच आहेत. मुंबईत आणि पुण्यात असे स्टुडिओ बरेच आहेत. पुण्यात युबिसॉफ्टसारखी परदेशी गेम कंपनी २००८ पासून आहे.

महिन्याचा पगार, सोबत काम करणारी माणसे आणि वेळेत काम पुरे करण्याची शिस्त या तिन्ही गोष्टी इथे मिळतात. मात्र नोकरी कायमची समजू नये. बरेच काम परदेशी मालिकांचे असते, ते प्रकल्पानुसार येते आणि मालिका संपली की चमूतील अर्ध्या लोकांना नवे काम शोधावे लागते. निवडीच्या वेळी आम्ही दृष्टिरेषा, मानवी शरीराची हालचाल आणि एकाच खोलीचे चार कोनांतून केलेले चित्रण पाहतो. रंगांची झळाळी पाहून कोणाची निवड झाल्याचे मला आठवत नाही.

करवीररेषा

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका विचारते. एक म्हणजे, आमच्या वर्गातले निम्मे विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे तयार होऊ लागल्यामुळे इलस्ट्रेशन सोडण्याच्या विचारात आहेत. त्यांचे चुकते आहे का? दुसरी शंका अशी, की घरच्यांना शाळेतील चित्रकला शिक्षकाची नोकरी सुरक्षित वाटते. तो विचार करावा का?

पडद्यामागे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. २०२२ मध्ये मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन वगैरे साधने सर्वांच्या हाती आली आणि तेव्हापासून चित्रकाराचे सुरुवातीचे छोटे काम आटले आहे, हे मान्य केले पाहिजे. सणांच्या शुभेच्छांची चित्रे, दुकानांच्या जाहिराती, ग्राहकाला कल्पना समजावी म्हणून काढलेली कच्ची चित्रे ही कामे नवशिक्यांना पहिली दोन वर्षे तारून नेत असत. आता ग्राहक ती स्वतःच करून घेतो. त्यामुळे तुमच्या वर्गमित्रांची भीती खोटी नाही.

परंतु सगळेच काम तसे नाही. देशावरच्या माळवदाच्या घराचे चित्र मागितले तर ते यंत्र कोकणातले कौलारू घर देते, नाहीतर कुठल्याच प्रदेशात नसलेले घर देते. नऊवारीचा काष्टा कसा खोचला जातो, बैलाच्या मानेवर जू नेमके कुठे टेकते, पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याच्या खांद्यावर पताका कशी असते, हे पाहून काढणाऱ्याचे काम अजून वेगळे ओळखू येते. ही साधनेही दर वर्षी सुधारत आहेत, म्हणून केवळ एवढ्यावर विसंबून राहावे असे मी म्हणणार नाही. ज्या संपादकाला किंवा दिग्दर्शकाला चित्र चुकल्यावर 'असे का केले' असे विचारता येईल आणि समोरून विचारपूर्वक उत्तर मिळेल असा माणूस हवा आहे, तो आपला खरा ग्राहक. आपण त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

अर्धाछेद

शिक्षकाच्या नोकरीबद्दल थोडक्यात सांगतो. शालेय चित्रकला शिक्षकासाठी एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) ही पदविका लागते, केवळ उपयोजित कलेची पदवी त्यासाठी पुरत नाही, आणि अनुदानित शाळांतील या पदांची भरती वर्षानुवर्षे रखडते. शिकवण्याची मनापासून आवड असेल तरच तो मार्ग घ्यावा. सुरक्षितता हवी म्हणून तिकडे गेलेल्या माझ्या मित्रांना ती मिळालेली नाही.

मी लिहितो आहे ते वेगळ्याच कारणासाठी. या धाग्यात अजून शास्त्रीय चित्रणाचा उल्लेख आलेला नाही आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. मी पुरातत्त्वीय उत्खननांसाठी चित्रे काढतो. उत्खननात निघालेल्या खापराचे चित्र काढायचे म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते. काठाचा एक तुकडा हातात असतो. त्याची वक्रता वर्तुळे आखलेल्या तक्त्यावर जुळवून मूळ भांड्याच्या तोंडाचा व्यास काढावा लागतो, तुकडा ज्या कोनात उभा होता तो कोन साधावा लागतो आणि मग मध्यरेषेच्या एका बाजूस भांड्याचा छेद व दुसऱ्या बाजूस बाहेरचे रूप काढावे लागते. काठाची जाडी अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर अभ्यासक त्या भांड्याची तुलना भलत्याच काळातील भांड्यांशी करू शकतो. छायाचित्रात हा छेद दिसत नाही, म्हणूनच पुरातत्त्वाच्या अहवालांत आजही रेखाचित्र लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थांत अशा चित्रणाची जुनी परंपरा आहे.

वनस्पतिशास्त्र, पक्ष्यांची व कीटकांची क्षेत्रपुस्तके, शस्त्रक्रियेची पाठ्यपुस्तके, संग्रहालयांतील माहितीफलक, जंगलांतील निसर्ग माहिती केंद्रे अशा सर्व ठिकाणी विषय समजून चित्र काढणारा माणूस हवा असतो आणि सापडत नाही. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे. तिच्या प्रकाशनांतील चित्रे एकदा शांतपणे पाहावीत. या कामात पैसा अमाप नाही आणि कामे एकमेकांच्या सांगण्यावरूनच मिळतात. पण स्पर्धा कमी आहे, आणि एका संशोधकाचा विश्वास बसला की तो निवृत्त होईपर्यंत त्याचे काम आपल्याकडेच येते. तुमच्या कोल्हापुरात विद्यापीठ आहे. वनस्पतिशास्त्र विभागात जाऊन, कोणाला चित्रे हवी आहेत का, एवढे तरी विचारून पाहावे.

जुना कॉपीरूम

मी जाहिरात क्षेत्रातून नुकताच निवृत्त झालो आहे. वरील सर्वांबद्दल आदर राखून माझे मत वेगळे नोंदवतो. कर्ज नाही, घरची जबाबदारी नाही आणि पुण्या-मुंबईत राहायला स्वतःची जागा आहे, अशा मुलांना हे सगळे मार्ग परवडतात. बाकीच्यांनी जी डिझायनरची नोकरी मिळेल ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. टायपोग्राफी, छपाई, ग्राहकाशी बोलण्याची रीत, दिलेल्या तारखेला काम देणे हे नोकरीत जितके लवकर शिकता येते तितके घरी बसून शिकता येत नाही. आमच्या पिढीतील बहुतेक चित्रकार एजन्सीच्या पगारावर जगले आणि रात्री मुखपृष्ठे करत राहिले.

कागदकाम

जुना कॉपीरूम, तुमचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त त्याला एक अट जोडते. नोकरी स्वीकारताना नियुक्तिपत्रातील दोन कलमे वाचावीत. कार्यालयीन कामात काढलेल्या चित्रांचा हक्क मालकाचा असतो, हे कायद्यानेच ठरलेले आहे. परंतु काही कंपन्या नोकरीच्या काळात केलेले कोणतेही काम आमचे, असे लिहून घेतात आणि बाहेरचे काम करण्यास बंदी घालतात. तसे असेल तर रात्री केलेल्या मुखपृष्ठावरून पुढे वाद होऊ शकतो. सही करण्यापूर्वी हे कलम बदलून मागावे. नम्रपणे मागितले तर पुष्कळदा बदलून मिळते.

मांडवीकाठ

हक्कांचा विषय निघालाच आहे, तर मी पणजीहून थोडी भर घालते. गोव्यात पर्यटकांसाठी कप, पिशव्या, टी-शर्ट, पोस्टकार्डे यांवर छापायच्या चित्रांना चांगली मागणी असते आणि गोवा कला महाविद्यालयातून बाहेर पडणारी अनेक मुले याच कामाने सुरुवात करतात. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचे निधन २०११ मध्ये झाले, पण त्यांची चित्रे अजूनही दुकानादुकानांत विकली जातात. चित्राचे आयुष्य एका बिलापुरते नसते, हे यावरून दिसते. मात्र त्याचा लाभ चित्रकाराला व्हायचा असेल तर हक्क त्याच्या हातात राहिला पाहिजे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील काही तरतुदी प्रत्येक पदवीधराला तोंडपाठ असाव्यात. चित्रकार नोकरीत नसेल तर चित्राचा पहिला हक्क सामान्यतः त्याचाच असतो. परंतु कलम १७ मध्ये एक मोठा अपवाद आहे. मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या 'पेंटिंग' किंवा 'पोर्ट्रेट'चा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे लेखी काहीच नसताना आपण निश्चिंत राहावे, असे मुळीच नाही. हक्क लिहून द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत धरला जातो. हक्क विकल्यावरही चित्रकार म्हणून आपले नाव लावून घेण्याचा अधिकार कलम ५७ नुसार आपल्याकडेच राहतो.

वस्तूंवर छापल्या जाणाऱ्या नक्षींबाबत कलम १५ अवश्य वाचावे. डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकेल अशी नक्षी नोंदवली नाही आणि ती वस्तूवर औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा अधिक वेळा छापली गेली, तर तिचे कॉपीराइट संरक्षण संपते. कापडावरच्या छपाईसाठी काम करणाऱ्यांना याचा मोठा फटका बसू शकतो.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावरील चित्रांबद्दलही नीट समजून घ्यावे. तिथला परवाना मुक्त असतो, श्रेय देऊन कोणीही ती चित्रे पुन्हा वापरू शकतो. त्यामुळे आपले काम अनेक भाषांतील मुलांपर्यंत पोहोचते, याचे मला फार मोल वाटते. पण तेच चित्र पुन्हा कोणाला विकता येईल ही अपेक्षा तिथे ठेवू नये.

करवीररेषा

हे सर्व आम्हाला कोणत्याही वर्षी शिकवले गेलेले नाही. पैसे थकले तर काय करायचे, हेही सांगाल का? मागच्या सुट्टीत केलेल्या एका मुखपृष्ठाचे मानधन मला अजून मिळालेले नाही, आणि दर वेळी फोन करताना आपणच काही उसने मागतो आहोत असे वाटते.

मांडवीकाठ

असे अजिबात वाटून घेऊ नये. ते तुमच्या कामाचे पैसे आहेत. उद्यम संकेतस्थळावर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करावी. ती विनामूल्य होते आणि आधार व पॅन एवढेच लागते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरली असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि ठरली नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. नोंदणी काम घेण्यापूर्वीच झालेली असावी, म्हणून पुढच्या कामाची वाट न पाहता ती याच आठवड्यात करून टाकावी. बिलावर नोंदणी क्रमांक छापला की बरीच माणसे पहिल्याच स्मरणपत्राला पैसे देतात, असा माझा अनुभव आहे.

कागदकाम

आणि कोटेशनमध्ये हे लिहावे: चित्रे किती, कोणत्या आकाराची, कच्च्या रेखाटनांत किती वेळा बदल करून मिळेल, त्यानंतरच्या बदलाला किती जादा पैसे पडतील, आगाऊ रक्कम किती, काम मध्येच थांबले तर किती, चित्र कोणत्या आवृत्तीसाठी व कोणत्या भाषेसाठी दिले आहे आणि नाव कुठे छापले जाईल. आगाऊ रक्कम हाती आल्याशिवाय पक्के चित्र सुरू करू नये. ओळखीच्या माणसाचे काम असेल तर हे अधिकच कटाक्षाने पाळावे.

करवीररेषा

उद्यम नोंदणी आज करते. सोमवारी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागात जाऊन येईन. डिझायनरच्या दोन नोकऱ्यांसाठी अर्जही करते आहे. डमीसाठी आजीकडून ऐकलेली एक गोष्ट निवडली आहे, ती कोणत्या आकारात आणि किती पानांत करावी?

कागदकाम

२० x ३० इंचांचा कागद धरून चाला. त्याच्या घड्या घातल्या की साडेसात x दहा इंचांची आठ पाने, म्हणजे दोन्ही बाजू मिळून सोळा पृष्ठे निघतात आणि कापणीनंतर आकार थोडा कमी होतो. त्यामुळे १६ किंवा ३२ पृष्ठांचे पुस्तक केले तर कागद वाया जात नाही आणि २४ पृष्ठांना दीड कागद लागतो. पहिल्या डमीसाठी १६ पुरेत. त्यातील पहिले पृष्ठ शीर्षकाला आणि दुसरे प्रकाशनाच्या नोंदींना सोडावे, म्हणजे गोष्टीला चौदा पृष्ठे उरतील. चित्र कापणीच्या रेषेबाहेर सगळीकडे तीन मिलिमीटर वाढवून काढावे. पेन्सिलीचा डमी झाला की त्याची छायाचित्रे इथेच टाका, आम्ही सगळे पाहून सविस्तर लिहू.